अमरावती नेमकी कोणती?

(व्हेरिएबल पाथवरून लायब्ररी लोड करताना मिळालेला धडा)

मित्रांनो, प्रोग्राम रन केल्यावर स्क्रीनवर एरर आला की आपला चेहरा कसा होतो ते मी वेगळं सांगायला नको. व्हायव्हा घ्यायला सर समोर उभे असतील तर विचारूच नका! पण आज मी तुम्हाला उलटंच सांगणार आहे. एरर येणं हे कधी कधी आपलं नशीब असतं. खरी भीती त्या प्रोग्रामची बाळगावी, जो काहीही तक्रार न करता भलतंच उत्तर देतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या एका ओळीमुळे माझ्या सख्ख्या काकांची १२ क्विंटल तूर चुकीच्या गावी गेली. ती ओळ होती लायब्ररी लोड करण्याची.

गोष्ट आमच्या मिनी प्रोजेक्टची आहे. मी मूळची अकोल्याची, शिकायला अमरावतीला. काका मूर्तिजापूर तालुक्यात शेती करतात. आपल्या भागातल्या लोकांना लगेच कळेल की मूर्तिजापूर म्हणजे अकोला आणि अमरावतीच्या मधलं गाव. माल विकायला इकडेही नेता येतो आणि तिकडेही. त्यामुळे तूर निघाली की काकांचा दरवर्षीचा प्रश्न ठरलेला, "अकोल्याले नेऊ का अमरावतीले?" त्यावरून मला आणि माझ्या मैत्रिणीला आयडिया सुचली की दोन्ही बाजार समित्यांचे भाव शेजारी शेजारी दाखवणारा प्रोग्राम करायचा. मैत्रीण अमरावतीचे भाव रोज टाइप करणार, माझा लहान भाऊ अकोल्याचे, आणि फाइली एकमेकांना मेल करायच्या. भाषा अर्थातच पायथन.

आता अडचण अशी झाली की दोघांची टाइप करायची पद्धत वेगळी. मैत्रीण आधी आवक लिहायची, मग दर. भाऊ आधी दर लिहायचा, मग आवक. दोघांनाही समजावून झालं, पण सवय कोण सोडतं? मग आम्ही प्रत्येक गावासाठी वेगळं मॉड्यूल लिहायचं ठरवलं. एक 'अमरावती डॉट पीवाय' आणि एक 'अकोला डॉट पीवाय'. (हा मराठी विभाग आहे, म्हणून कोड आपण जसा मोठ्याने वाचतो तसाच लिहिते आहे.) युजरने जे गाव निवडलं ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि त्या नावाची फाइल लोड करायची. उद्या वाशीम किंवा यवतमाळ जोडायचं झालं तर मेन प्रोग्रामला हातही लावायचा नाही, फक्त फोल्डरमध्ये एक नवीन फाइल टाकायची. कल्पना चांगली होती. आजही मला ती चांगलीच वाटते. मोठमोठी सॉफ्टवेअर्स याच पद्धतीने चालतात, त्याला प्लगइन म्हणतात. जेडीबीसीच्या प्रॅक्टिकलला आपण 'क्लास डॉट फॉरनेम' असं लिहून ड्रायव्हरचं नाव स्ट्रिंगमध्ये देतो, तोही याच घराण्यातला प्रकार. (२००६ साली आलेल्या जावा ६ पासून ती ओळ लिहिण्याची गरज उरली नाही, ड्रायव्हर आपोआप शोधला जातो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मात्र ती बहुधा अजून जिवंत असेल!)

लायब्ररी हा शब्द आला कुठून?

थोडं मागे जाऊ या. १९४९ साली इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. प्रत्येक प्रोग्रामला वर्गमूळ काढणं, आकडे छापणं अशी तीच तीच कामं लागायची. मग मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी अशा कामांचे तयार तुकडे करून ठेवले. हे तुकडे म्हणजे भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या होत्या आणि त्या चक्क कपाटात लावून ठेवलेल्या असायच्या. ज्याला जो तुकडा हवा त्याने तो काढायचा आणि आपल्या प्रोग्रामच्या पट्टीवर त्याची नक्कल करून घ्यायची. १९५१ मध्ये या तिघांचं यावर पुस्तकही निघालं. म्हणजे 'लायब्ररी' हा शब्द त्या काळी अगदी खराखुरा होता. कपाट होतं, कप्पे होते, आणि पट्टी कुठून काढली हे काढणाऱ्याला माहीत होतं.

आज कपाट दिसत नाही. आपण 'इम्पोर्ट मॅथ' लिहितो आणि काम होतं. ते मॅथ कुठल्या फोल्डरमधून आलं हे आपण कधी विचारतो का? मी तरी विचारलं नव्हतं. इथेच सगळी गडबड आहे.

पायथन शोधतो कसा?

आपण इम्पोर्ट म्हटलं की पायथन आधी एक नोंदवही बघतो. तिचं नाव 'सिस डॉट मॉड्यूल्स'. या नावाचं मॉड्यूल आधीच लोड झालेलं असेल तर तेच परत देतो, नव्याने शोधत बसत नाही. (म्हणूनच चालू प्रोग्राममध्ये फाइल बदलून पुन्हा इम्पोर्ट केलं तरी जुनंच चालतं.) नोंदवहीत नसेल तर तो स्वतःच्या पोटात बांधलेली मॉड्यूल्स बघतो. तिथेही नसेल तर फोल्डरांची एक यादी घेतो आणि वरून खाली एकेक फोल्डर धुंडाळतो. या यादीचं नाव 'सिस डॉट पाथ'.

यादीचा क्रम फार महत्त्वाचा आहे. 'पायथन' आणि पुढे फाइलचं नाव देऊन प्रोग्राम चालवला तर सगळ्यात वर असतं ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर. त्यानंतर पायथनपाथ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये कोणी काही लिहून ठेवलं असेल तर ते. मग पायथनची स्वतःची स्टँडर्ड लायब्ररी. आणि शेवटी 'साइट पॅकेजेस', म्हणजे आपण पिप वापरून जे जे उतरवतो ते.

नियम एकच आहे: पहिलं सापडलं की शोध बंद! पुढच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी, चांगली, नवीन फाइल आहे का हे पायथन बघत नाही.

फर्स्ट इयरला आपल्यापैकी कित्येकांनी एक चूक केली असेल. रँडम नंबरचं प्रॅक्टिकल होतं म्हणून फाइलचं नाव ठेवलं 'रँडम डॉट पीवाय'. आत लिहिलं 'इम्पोर्ट रँडम'. पायथनने यादीतलं पहिलं फोल्डर उघडलं, तिथे आपलीच फाइल! बिचारा तीच घेऊन बसला आणि म्हणाला यात रँडइंट नावाचं काही नाही. ही चूक जगभर इतक्या लोकांनी केली की २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मध्ये एररसोबत सूचनाच दिली जाते, की तुमच्या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलचंच आहे, ते बदलून बघा.

नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर?

समजा 'गाव' या व्हेरिएबलमध्ये 'अकोला' ही स्ट्रिंग आहे. आता 'इम्पोर्ट गाव' लिहिलं तर काय होईल? पायथन 'गाव' याच नावाचं मॉड्यूल शोधायला निघेल. व्हेरिएबलच्या आत काय आहे ते तो बघणारच नाही, कारण इम्पोर्टच्या पुढे तो नाव अपेक्षित धरतो, एक्स्प्रेशन नाही. त्यासाठी 'इम्पोर्टलिब' आहे. 'इम्पोर्टलिब डॉट इम्पोर्ट मॉड्यूल' या फंक्शनला स्ट्रिंग द्यायची, ते मॉड्यूल परत देतं. आम्ही हेच वापरलं. इथवर आमचं काही चुकलं नव्हतं.

चुकलं ते पुढे. दोन्ही गावांची मॉड्यूल्स आम्ही 'समित्या' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. ते फोल्डर पायथनच्या यादीत नाही. मग मी यादीच्या शेवटी जोडलं: 'सिस डॉट पाथ डॉट अपेंड', कंसात 'समित्या'. या एका ओळीत दोन चुका आहेत. वाचणाऱ्याने क्षणभर थांबून शोधून बघाव्यात.

पहिली चूक: जिने आवाज केला

पहिली चूक लॅबमध्ये सापडली. माझ्या लॅपटॉपवर प्रोग्राम छान चालायचा. लॅबच्या मशीनवर मी प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर कॉपी केला, टर्मिनल उघडला, आणि पूर्ण पाथ देऊन प्रोग्राम चालवला. तर काय, 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर'! फोल्डर डोळ्यांसमोर दिसतंय, फाइल दिसतेय, आणि पायथन म्हणतो अकोला नाही. दहा मिनिटं मी नुसती घाम पुसत होते.

कारण साधं आहे. 'समित्या' हा रिलेटिव्ह पाथ आहे. रिलेटिव्ह म्हणजे कोणाच्या संदर्भात? मला वाटायचं, माझ्या फाइलच्या. पण तसं नाही. तो आपण ज्या फोल्डरमध्ये उभे राहून कमांड देतो त्याच्या संदर्भात असतो. त्याला करंट डिरेक्टरी म्हणतात. घरी मी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊनच प्रोग्राम चालवायचे म्हणून जमत होतं. लॅबमध्ये टर्मिनल सी ड्राइव्हवर उघडलेला होता, तिथे 'समित्या' कुठून असणार?

आपल्याकडे पत्ता विचारला की लोक सांगतात, "चौकातून डावीकडे वळा, मग तिसरं घर." पत्ता चुकीचा नसतो, पण कुठल्या चौकातून? सांगणारा एका चौकात उभा असतो आणि ऐकणारा दुसऱ्या. हाच प्रकार. प्रोग्राम आपोआप रोज ठरावीक वेळी चालवायला लावला तर तो चौक आणखीच बदलतो. लिनक्सवर क्रॉन आपल्या होम डिरेक्टरीत उभं राहून काम सुरू करतं. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा सोडला तर प्रोग्राम बहुधा सिस्टीम ३२ मध्ये उभा असतो.

उपाय असा की पत्ता आपल्या फाइलपासून मोजायचा. प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा पत्ता माहीत असतो, त्या व्हेरिएबलचं नाव 'फाइल' (मागेपुढे दोन दोन अंडरस्कोर). पाथलिबमधला 'पाथ' घ्यायचा, त्याला हे 'फाइल' द्यायचं, 'रिझॉल्व्ह' करायचं, त्याचा 'पेरेंट' घ्यायचा आणि त्याला 'समित्या' जोडायचं. आता तुम्ही कुठल्याही चौकात उभे राहा, घर तेच सापडणार. मी ते केलं, प्रोग्राम चालला, मार्क मिळाले. त्या एररमुळे नुकसान एवढंच झालं की दहा मिनिटं माझी फजिती झाली.

दुसरी चूक: जी गप्प बसली

मार्क मिळाल्यावर मी फार खुशीत होते. शनिवारी अकोल्याला घरी गेले आणि पेनड्राइव्हमधून नवीन प्रोजेक्ट घरच्या कॉम्प्युटरवर कॉपी केला. जुन्या फोल्डरवरच पेस्ट केला, विंडोजने विचारलं 'रिप्लेस करू का', मी 'हो' म्हटलं. भावाला दाखवलं की काकांचा फोन आला तर इथून भाव बघून सांगायचा. आणि अमरावतीला परत आले.

त्या आठवड्यात काकांचा फोन आला. भावाने प्रोग्राम चालवला. अमरावतीचा तुरीचा भाव अकोल्यापेक्षा बराच वर दिसत होता. काकांनी गाडी केली, १२ क्विंटल तूर भरली आणि अमरावती गाठली. तिथे हर्रासात त्यांच्या ढिगाला जो भाव लागला तो सांगितलेल्या भावापेक्षा कितीतरी खाली होता. त्या दिवशीच्या अकोल्याच्या भावापेक्षाही थोडा खालीच. भरलेला माल कोण परत नेतो? तिथेच दिला. वर गाडीभाडं आणि हमाली गेली ती वेगळीच.

संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेले. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "बाई, तुह्या कम्प्युटरनं भाव त खोटा नाही सांगतला. पन तो दुसऱ्याच्या ढिगाचा होता."

मी होस्टेलवर येऊन माझ्या लॅपटॉपवर त्याच तारखेच्या त्याच फाइलींवर प्रोग्राम चालवला. माझ्याकडे अमरावतीचा भाव बरोबर दिसत होता! तोच कोड, त्याच फाइली, आणि दोन गावांत दोन उत्तरं. रात्री भावाला फोन केला. म्हटलं, एक ओळ टाक, मॉड्यूल लोड झाल्यावर त्याचं ते अंडरस्कोरवालं 'फाइल' प्रिंट कर. तो वाचून दाखवायला लागला, "ताई, अकोला 'समित्या'मधून आलंय. अमरावती मात्र बाहेरूनच आलंय, मेन फाइलच्या शेजारून."

मग सगळं लक्षात आलं. प्रोजेक्टच्या पहिल्या आवृत्तीत 'समित्या' फोल्डर नव्हतंच. तेव्हा फक्त अमरावती होतं आणि ती फाइल मेन फाइलच्या शेजारी होती. त्या जुन्या फाइलमध्ये मी 'जास्तीत जास्त दर' हा रकाना वाचत होते. बाजार समितीच्या तक्त्यात तीन दर असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. जास्तीत जास्त म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्यात उत्तम ढिगाला मिळालेला भाव. आपल्या मालाला काय मिळेल याचा अंदाज घ्यायचा तर सर्वसाधारण दर बघायचा असतो. हे कळल्यावर मी नवीन फाइल लिहिली आणि लॅपटॉपवरची जुनी डिलीट केली. पण घरच्या कॉम्प्युटरवर ती तशीच राहिली. एका फोल्डरवर दुसरं फोल्डर पेस्ट केलं की विंडोज सारख्या जागेच्या फाइली बदलतं, जास्तीच्या जुन्या फाइली काढून टाकत नाही.

आता वरची यादी आठवा. सगळ्यात वर मेन फाइलचं फोल्डर, आणि मी अपेंड केलेलं 'समित्या' सगळ्यात खाली. पायथनला 'अमरावती' पहिल्याच फोल्डरमध्ये सापडलं. शोध बंद! 'अकोला' तिथे नव्हतं म्हणून ते बरोबर खालून आलं. परिणाम असा की अमरावतीचा उत्तम ढिगाचा भाव आणि अकोल्याचा सर्वसाधारण भाव शेजारी शेजारी ठेवून माझा प्रोग्राम तुलना करत होता. कुठेही एरर नाही, वॉर्निंग नाही. लॅबमधली पहिली चूक ओरडली म्हणून दहा मिनिटांत मिटली. ही गप्प बसली म्हणून गाडी भरेपर्यंत कोणाला कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, अपेंडच्या ऐवजी 'इन्सर्ट' करून फोल्डर यादीच्या डोक्यावर ठेवायचं. ठेवता येतं. पण मग उलटी भीती. उद्या 'समित्या'मध्ये कोणी 'रँडम' किंवा 'डेट टाइम' नावाची फाइल टाकली तर पायथनच्या खऱ्या मॉड्यूलची जागा ती घेईल. रांगेत कोण पुढे उभा राहील याची मारामारी करण्यापेक्षा रांगच नको.

पाथच व्हेरिएबल असेल तर

रांग टाळायचा मार्ग पायथनमध्ये आहे, फक्त तो तीन ओळींचा आहे म्हणून आपण कंटाळा करतो. 'इम्पोर्टलिब डॉट युटिल' मधलं 'स्पेक फ्रॉम फाइल लोकेशन' घ्यायचं. त्याला मॉड्यूलचं नाव आणि फाइलचा पूर्ण पाथ द्यायचा. ते एक स्पेक देतं, म्हणजे काय आणि कुठून लोड करायचं याचा कागद. दुसऱ्या ओळीत 'मॉड्यूल फ्रॉम स्पेक' वापरून त्या कागदावरून रिकामं मॉड्यूल तयार होतं. तिसऱ्या ओळीत स्पेकच्या लोडरला 'एक्झेक मॉड्यूल' सांगायचं, तेव्हा फाइल खरोखर वाचली जाते. तिसरी ओळ विसरलात तर मॉड्यूल मिळतं पण आत काहीच नसतं, हेही अनुभवाचे बोल!

या पद्धतीत 'सिस डॉट पाथ' मध्ये येतच नाही. फाइल त्या जागी असेल तर लोड होईल, नसेल तर एरर येईल. दुसरीकडची त्याच नावाची फाइल उचलून आणण्याचा प्रश्नच नाही.

इतर भाषांतही हाच विचार दिसतो. लिनक्सवर सी मध्ये 'डीएलओपन' ला दिलेल्या नावात स्लॅश असेल तर ते नाव पाथ समजलं जातं, नसेल तर ठरलेल्या जागांवर शोध होतो. म्हणजे एका स्लॅशने अर्थ बदलतो. पर्लमध्ये गंमत आणखी वेगळी आहे. व्हेरिएबलमध्ये फोल्डरचा पाथ ठेवायचा आणि पुढच्या ओळीत 'यूज लिब' ला ते व्हेरिएबल द्यायचं, असं नवशिके हमखास लिहितात आणि ते चालत नाही. कारण 'यूज' हे कंपाइल होतानाच चालतं आणि व्हेरिएबलमध्ये किंमत भरली जाते ती नंतर, रन होताना. 'यूज लिब' च्या वेळी व्हेरिएबल रिकामंच असतं! म्हणून किंमत भरण्याची ओळ 'बिगिन' ब्लॉकमध्ये टाकावी लागते, म्हणजे तीही कंपाइलच्या वेळीच चालते. ताट वाढायच्या आधीच जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखं आहे ते.

चावी कोणाच्या हातात?

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. मॉड्यूल लोड करणं म्हणजे नुसतं वाचणं नाही. पायथन ती फाइल वरपासून खालपर्यंत चालवतो. म्हणजे पाथचं व्हेरिएबल ज्याच्या हातात, त्याच्या हातात तुमचा प्रोग्राम.

पीएचपीमध्ये हे जगाने भोगलं आहे. वेबसाइटच्या पत्त्यातून पानाचं नाव घ्यायचं आणि तसंच 'इन्क्लूड' ला द्यायचं, अशी पद्धत एके काळी सर्रास होती. मग कोणीही पानाच्या नावाच्या जागी दुसऱ्याच सर्व्हरवरच्या फाइलचा पत्ता द्यायचा आणि त्याचा कोड इकडे चालायचा. शेवटी २००६ मध्ये आलेल्या पीएचपी ५.२ मध्ये 'अलाउ यूआरएल इन्क्लूड' ही वेगळी सेटिंग आली आणि ती मुळातच बंद ठेवली गेली. विंडोजमध्ये डीएलएलच्या शोधाचा असाच गैरफायदा घेता येतो म्हणून २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर इशारा दिला होता. पर्लच्या शोधयादीत 'चालू फोल्डर' वर्षानुवर्षं होतं, ते २०१७ च्या ५.२६ आवृत्तीत काढून टाकलं. आणि २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिर्सन या संशोधकाने दाखवलं की कंपनीच्या आतल्या खासगी पॅकेजचंच नाव देऊन इंटरनेटवर सार्वजनिक पॅकेज टाकलं, तर कंपन्यांची मशीन्स तेच उतरवून घेतात. ॲपल, मायक्रोसॉफ्ट धरून ३५ पेक्षा जास्त कंपन्यांत त्याचा कोड चालला. एवढ्या मोठ्या कंपन्या आणि चूक तीच, माझ्यासारखी! नाव बघितलं, गाव बघितलं नाही.

आपल्याच माणसाने सोडवलेला प्रश्न

खरं तर एका नावाची दोन गावं हा प्रश्न आपल्याला नवा नाही. अकोला आपलं, आणि अकोले अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातलं. अमरावती आपली, आणि एक अमरावती आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी. नुसतं नाव टाकलेलं पत्र कुठे जाईल सांगता येत नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला तो यासाठीच, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवीसुद्धा. अमरावती ४४४६०१, अकोला ४४४००१. पहिले तीन आकडे सारखे, म्हणजे आपण शेजारी. आंध्रातल्या अमरावतीचा पिन मात्र ५ ने सुरू होतो. पहिल्याच आकड्याला गोंधळ मिटला.

प्रोग्राममधला पूर्ण पाथ म्हणजे आपला पिन कोड. नाव लोकांसाठी असू द्या, पण मशीनला पिन कोड द्या.

मग मी काय बदललं?

पुढच्या रविवारी मी चार गोष्टी केल्या. एक, युजरने निवडलेलं गाव थेट पाथमध्ये जोडणं बंद केलं. आधी एक डिक्शनरी केली, डावीकडे गावाचं नाव आणि उजवीकडे फाइल. डिक्शनरीत नसलेलं गाव आलं की सरळ नकार. यामुळे वाशीम जोडताना एक ओळ जास्त लिहावी लागेल, पण ती ओळ मी लिहिलेली असेल. दोन, पाथ आमच्या मेन फाइलपासून मोजला. तीन, यादीत शोधण्याऐवजी त्या तीन ओळींनी पूर्ण पाथवरून लोड केलं. चार, भावाच्या शेजारी बारीक अक्षरांत दोन गोष्टी दाखवायला सुरुवात केली: हा दर कुठल्या रकान्यातला आहे, आणि मॉड्यूल कुठल्या फाइलमधून आलं आहे.

मैत्रीण म्हणाली, फाइलचा पाथ शेतकऱ्याला दाखवून काय उपयोग? तिचं बरोबर आहे, काकांना त्यातलं काही कळत नाही. पण भाऊ फोनवर भाव सांगायच्या आधी ती ओळ वाचतो. 'समित्या' दिसलं नाही तर भाव सांगत नाही.

मित्रांनो, प्रोग्राम चालला की आपण म्हणतो, झालं! पण चाललं ते नेमकं काय, हे विचारायची एका ओळीची सवय लावून घ्या. मॉड्यूल लोड झालं की त्याला त्याचं गाव विचारा. ते खोटं बोलत नाही. मी फक्त कधी विचारलं नव्हतं.

काकांनी पुढची तूर अकोल्याला नेली. भाव विचारायला फोन आला होता, पण भाव ऐकून झाल्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न केला, "कोनत्या ढिगाचा?" मला वाटतं, एवढी चांगली टेस्ट केस आमच्या पूर्ण वर्गात कोणी लिहिली नसेल.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी